तसदीचा हिशेब

तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त पंचांगातून निघाले, की मुंबईत गिरगावातल्या खाडिलकर रस्त्यावरील लग्नपत्रिकांच्या दुकानांत वधूवरांच्या वडीलमंडळींची दाटी होते, आणि तिच्यात घटकाभर उभे राहिल्यास ध्यानात येते, की कागदाचा रंग, गणपतीचे चित्र आणि सोनेरी अक्षरे यांच्या निवडीला जेवढा वेळ लागतो, त्याहून किती तरी अधिक वेळ ‘आपले नम्र’ या दोन शब्दांखाली कोणाची नावे कोणत्या अनुक्रमाने घालावयाची, या खलबतात जातो. थोरल्या चुलत्याचे नाव धाकट्या मामाच्या खाली गेले, तर सबंध कार्यभर तोंड फिरवून बसणारा एक इसम प्रत्येक घराण्यात असतोच. देशावर तर, त्यातून निवडणुकीचे साल असले म्हणजे, पत्रिकेच्या आतल्या पानावर ‘प्रमुख उपस्थिती’, ‘शुभाशीर्वाद’, ‘कार्यवाहक’ अशा सदरांखाली आमदारांपासून विकास सोसायटीच्या चेअरमनपर्यंत अशी काही नामावळी उतरते, की वधूवरांची नावे तिच्यातून हुडकून काढावी लागतात.

या प्रकाराला हसणे सोपे आहे, आणि मीही पुष्कळदा हसलो आहे. परंतु त्या खलबतामागे जी धास्ती असते, ती आपल्यामुळे दुसऱ्याचा मान उणा पडू नये याची असते, आणि ती यजमानाने आपण होऊन पत्करलेली असते. शिष्टाचार म्हणून ज्याला आपण म्हणतो, त्याचे बाह्य रूप काळाप्रमाणे, जातीप्रमाणे, गावाप्रमाणे कितीही बदलले, तरी त्याच्या मुळाशी एकच हिशेब असतो : दोन माणसांचा संबंध आला, की थोडीबहुत तसदी उत्पन्न होणारच, ती कोणी सोसायची? आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत या प्रश्नाचे उत्तर, निदान शुभकार्यापुरते, बिनतक्रार ठरलेले होते. ज्याचे कार्य, त्याची तसदी. आज सोयीची साधने उदंड झाली आणि ती तसदी यजमानाच्या खांद्यावरून उतरून, बहुधा कोणाच्या लक्षातही न येता, पाहुण्याच्या, कारकुनाच्या किंवा दाराशी उभ्या असलेल्या पोऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसली.

आमंत्रणाचाच प्रकार पाहा. ‘घरटी एक’, ‘सहकुटुंब’ आणि ‘चूलबंद’ अशा आमंत्रणाच्या तीन पायऱ्या खेड्यापाड्यांतून अजून सर्वांना ठाऊक आहेत. पहिल्यात घरातल्या एकाच असामीने जावे, दुसऱ्यात बायकामुलांसह जावे, आणि तिसऱ्यात त्या दिवशी घरातली चूलच पेटू नये, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून गड्यापर्यंत सगळ्यांची पाने यजमानाकडे मांडली जावीत. या तीन शब्दांत पाहुण्याला काय करावयाचे ते नेमके कळत असे. आपण किती जणांनी जावे, मुलांना न्यावे की नाही, असा संकोच त्याच्या वाट्याला येत नसे. शिवाय आमंत्रण करण्यास घरचेच माणूस उंबऱ्यावर आले पाहिजे, त्याने अक्षत दिली पाहिजे, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार केला पाहिजे, चहा नको म्हणत म्हणत घेतला पाहिजे, आणि हे सर्व उन्हातान्हात चाळीस-पन्नास घरी केले पाहिजे, असा दंडक होता. पत्रिका पोस्टाने गेली, तरी तिच्या कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटे लागलेली असत. कोणी तरी एकेक पाकीट हातात धरून ती लावलेली आहेत, हे घेणाऱ्याला दिसत असे. यातूनही कोणी राहून गेला असेल, तर त्याच्यासाठी वर्तमानपत्रात ‘नजरचुकीने निमंत्रण राहिले असल्यास हेच अगत्याचे निमंत्रण समजावे’ अशी चौकट छापली जाई. तिच्यात भाबडेपणा असेल, पण चूक आपली आहे, असे यजमान चारचौघांत कबूल करी.

आता पत्रिकेचे चित्र मोबाइलवर येते, पुष्कळदा दोनशे माणसांच्या समूहात एकदमच येते, आणि आपण त्या दोनशेंत हिशेबात धरलेले आहोत, की समूहातून वगळणे बरे दिसले नसते म्हणून राहिलो आहोत, याचा उलगडा पाहुण्याने आपल्या मनाशी करावयाचा असतो. निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे आमंत्रण पोचले, असे यजमान समजतो. पाहुणा मात्र हात जोडल्याचे चित्र टाकावे, की ‘नक्की येतो’ लिहावे, की खासगीत फोन करून खात्री करून घ्यावी, या विवंचनेत पडतो. माझे यावरचे मत सांगायचे तर, चित्र पाठवण्यास हरकत नाही. कागद वाचतो, पेट्रोल वाचते, आणि मुंबईच्या लोकलमधून पत्रिकांच्या पिशव्या वाहण्यात पुण्य आहे, असे मला कधीच वाटले नाही. परंतु त्या चित्राच्या मागोमाग यजमानाचा एक फोन गेला पाहिजे, आणि त्या फोनवर ‘सगळ्यांनी या’ की ‘तुम्ही दोघे या’ हे स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी या बाबतीत एक निराळी तडजोड केलेली दिसते. तिथे सत्यनारायणाला बोलावतानाही किती माणसे येणार, लहान मुले किती, तिखट चालते की नाही, हे पत्रातच विचारले जाते आणि अमुक तारखेच्या आत उत्तर द्यावे, अशी अपेक्षा असते. इकडून गेलेल्या आजी-आजोबांना पाहुण्याची अशी मोजदाद करणे प्रथम अगदी कानकोंडे वाटते. पण स्वयंपाक स्वतः करणाऱ्या आणि जागा भाड्याने घेणाऱ्या यजमानाला नेमका आकडा कळवणे, ही पाहुण्याने उचलण्याजोगी रास्त तसदी आहे. आपल्याकडे हजार पानांचा अंदाज करून सहाशेच उठतात आणि उरलेल्या अन्नाचे काय करावे, हे रात्री अकराला कार्यालयाच्या मागल्या दारी ठरते. तिथल्या त्या रिवाजाची नक्कल करण्यास आपली काहीच हरकत नसावी.

लिखित शिष्टाचाराचा व्याप आपल्याकडे एके काळी केवढा होता, हे ज्याने जुनी दफ्तरे चाळली आहेत, त्यालाच कळेल. पत्र कोणी कोणास कसे लिहावे, याचे नियम सांगणारे मेस्तक यादवांच्या हेमाडपंतांच्या नावावर सांगितले जाते, आणि गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे जे पंचेचाळीस खंड सिद्ध केले, त्यांतले कोणतेही पान उघडले, तरी समोरच्याची पायरी ओळखून मायना घालणारा चिटणीस भेटतो. कोणाला ‘राजमान्य राजश्री’, कोणाला ‘तीर्थस्वरूप’, कोणाला ‘अखंडितलक्ष्मी अलंकृत’. कोणाला नमस्कार, कोणाला दंडवत, कोणाला आशीर्वाद. इकडील क्षेम कळवून तिकडील क्षेम विचारल्यावाचून मजकुरास हात घालावयाचा नाही, आणि लढाई तोंडावर आली असली, तरी शेवटी लोभाची विनंती केल्यावाचून कलम खाली ठेवावयाचे नाही. या मायन्यांत जातीची आणि अधिकाराची उतरंड स्पष्ट दिसते, आणि तिच्यासाठी हळहळण्याचे कारण नाही. तरीही एवढे मान्य केलेच पाहिजे, की कारकून कितीही घाईत असला, तरी पत्र वाचणारा कोण आहे, याचा विचार त्याला पहिल्या ओळीतच करावा लागत असे. १८७९ सालच्या जुलै महिन्यात एक पैशाचे पोस्टकार्ड निघाले आणि मायना आखडला. तारेने तो पुरताच गिळला. शुभेच्छांचे ठरावीक मजकूर क्रमांकावरून निवडण्याची सोय तारखात्याने करून ठेवली होती, आणि तार २०१३ साली बंद होईपर्यंत ती अनेकांनी वापरली. तेव्हा आयत्या शुभेच्छा पाठवण्याचे पाप मोबाइलच्या माथी मारणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. फरक इतकाच, की तारेला पैसे पडत, म्हणून ती रोज सकाळी गुलाबाच्या फुलासह येत नसे.

पंगतीविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण तिच्या आठवणींवर आमच्या पिढीने वाजवीपेक्षा अधिक शाई खर्च केली आहे. यजमानाने हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणावे, हे गोड होते. पोट भरलेल्या माणसाच्या पानात जबरीने जिलबी टाकणे गोड नव्हते. आग्रहात पाहुण्याची तसदी वाढते, हे आग्रह करणाऱ्याला कधीच कळत नसे. बुफेने तेवढा एक जुलूम नाहीसा केला. त्याच्या बदल्यात वृद्धांना ताट हातात धरून उभे केले. ज्या कार्यालयात बुफेच्या कडेला भिंतीलगत दहा-वीस खुर्च्या, समोर टेबल आणि वाढायला एक माणूस अशी तजवीज असते, तिथला यजमान समंजस आहे, असे मी खुशाल धरून चालतो.

पाहुण्याच्या हातात पेला देऊन त्याला पेचात टाकण्याचा जो सर्वांत गाजलेला प्रसंग आपल्या सामाजिक इतिहासात नमूद आहे, तो मात्र अधिक विस्ताराने सांगण्याजोगा आहे. १८९० सालच्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठितांना व्याख्यानाच्या निमित्ताने बोलावण्यात आले आणि कार्यक्रमानंतर चहाबिस्किटे पुढे करण्यात आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. मिशनऱ्यांच्या घरचा चहा घ्यावा, तर धर्मशास्त्राची अडचण. परत करावा, तर सभ्यतेची अडचण. कोणी घेतला, कोणी पेला नुसता हाती धरून खाली ठेवला. या सगळ्या प्रकरणामागे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, वल्ली म्हणून प्रसिद्ध असलेले गोपाळराव जोशी होते. त्यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, बहिष्काराची भाषा झाली, आणि एका पेल्याचे ग्रामण्य पुढे दोन वर्षे पुरले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांना मनातून त्यात काहीच गैर वाटत नव्हते, तरीही भोवतालच्या स्नेह्यांची कुचंबणा दूर व्हावी म्हणून त्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, आणि सुधारकांचे बोल सोसले. सुधारणेच्या इतिहासात या घटनेचा अर्थ लावणारे पुष्कळ आहेत. मला मात्र तिच्यात शिष्टाचाराचे दोन टोकाचे नमुने दिसतात : आतिथ्याची परीक्षा करून पाहुण्यांची गंमत पाहणारा एक गृहस्थ, आणि दुसऱ्यांची अडचण सुटावी म्हणून आपल्या प्रतिष्ठेला खार लावून घेणारा एक न्यायमूर्ती. रानड्यांनी केले ते योग्य होते की नाही, यावर आजही वाद घालता येईल. ते सभ्य होते, यावर घालता येणार नाही.

सणावारांच्या शिष्टाचाराकडे वळले, की हळदीकुंकवापाशी थांबावेच लागते. चैत्रात गौरीपुढे आंब्याची डाळ आणि पन्हे, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तिळगूळ आणि वाण. घराबाहेर पडण्याच्या सबबी मोजक्याच असलेल्या स्त्रियांना या निमित्ताने एकमेकींची घरे मोकळी होत, ही त्या प्रथेची केवढी तरी मोठी जमेची बाजू. पण त्याच दिवाणखान्यात, त्याच घरात वाढलेली एखादी आत्या किंवा काकू वैधव्यामुळे स्वयंपाकघराच्या दाराआड राहत असे. तिला कोणी ‘बाहेर येऊ नकोस’ असे सांगत नसे. तिनेच समजून आत राहावयाचे, आणि यजमानीणबाईंवर काही बोलण्याचा प्रसंग येऊ द्यावयाचा नाही, यालाच तिचा समंजसपणा म्हणत. बारा-पंधरा जणींचा संकोच वाचवण्यासाठी सगळी तसदी एका बाईवर टाकणारा, आणि तिच्याचकडून सौजन्याची अपेक्षा करणारा हा रिवाज शिष्टाचाराच्या नावाने शतकानुशतके चालला. सुसंस्कृत घरांत चालला. आणि शिकल्यासवरल्या स्त्रियांनी चालवला.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने २०२२ सालच्या मे महिन्यात ठराव करून, पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे हे प्रकार गावात बंद केले, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनी तो कित्ता गिरवावा, असे सुचवले. हा ठराव कागदावर किती आणि उंबऱ्याच्या आत किती, हे गावागणिक वेगळे असणार. परंतु हळदीकुंकवाचे आमंत्रण करताना ‘सवाष्णींनी यावे’ असे म्हणण्याऐवजी ‘घरातल्या सगळ्या जणी या’ म्हणण्यास आता सरकारी कागदाचाही आधार आहे, आणि ज्यांना आपल्या सासूबाईंशी वाद घालण्यास असा एखादा कागद हवाच असतो, त्यांच्यासाठी तो लहान आधार नव्हे. इथे एक सूचना करावीशी वाटते. अशा बाईला बोलावणे केले, तर तिला समारंभाच्या मध्यभागी आणून, टाळ्या वाजवून, छायाचित्रे काढून तिचा सत्कार करण्याचा उत्साह आवरावा. तिला इतरांसारखी एक जागा, इतरांसारखे वाण आणि इतरांइतकेच लक्ष द्यावे. सुधारणेचे प्रदर्शन झाले, की तसदी पुन्हा तिचीच.

दिवाळी ही व्यवहाराच्या शिष्टाचाराची खरी कसोटी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेतल्या पेढीवर जाऊन लाह्या-बत्ताशांचा प्रसाद घेणे आणि त्या वेळेपुरता दोन्ही पक्षांनी मागील बाकीचा विषय न काढणे, हे जुन्या व्यापाऱ्यांचे आणि गिऱ्हाइकांचे वळण मला फार सभ्य वाटते. त्याच्या नेमके उलट वळण म्हणजे धनत्रयोदशीच्या आठवड्यात सरकारी कचेऱ्यांच्या आवारात फिरणाऱ्या सुक्यामेव्याच्या पेट्या. देणारा म्हणतो, ही केवळ प्रेमाची भेट. घेणाऱ्याला ठाऊक असते, की त्या प्रेमाची फाइल टेबलावर आहे. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ साली केलेल्या वर्तणूक नियमांनी या बाबतीत मनुष्यस्वभावाची जी जाण दाखवली आहे, तिचे मला नेहमी कौतुक वाटते. एखाद्या वेळचे जेवण, गाडीतून सोडणे किंवा असेच किरकोळ आतिथ्य यांना हे नियम भेट मानत नाहीत. ज्यांच्याशी कामाचा संबंध नाही अशा स्नेह्यांनी आणि जवळच्या नातलगांनी लग्नकार्यात रूढीप्रमाणे दिलेला आहेर ते चालू देतात. मात्र ठरावीक रकमेवर गेला, तर कळवण्यास सांगतात. आणि ज्यांचे काम आपल्या हाती आहे, त्यांच्याकडून थाटामाटाचा किंवा वारंवार पाहुणचार घेण्याचे टाळावे, असे बजावतात. एवढ्या तारतम्याने लिहिलेला नियम वाचला, की पेटी परत करणाऱ्या अधिकाऱ्याला उर्मट म्हणण्याचा हक्क कोणाला उरत नाही. अर्थात सभ्य व्यापाऱ्याने ती परत करण्याची पाळीच अधिकाऱ्यावर आणू नये. शुभेच्छापत्र पाठवावे, आणि मिठाई त्या कचेरीतल्या शिपायाच्या मुलांसाठी घ्यावी असे वाटलेच, तर आपले काम तिथून निकालात निघाल्यानंतरच्या वर्षी घ्यावी.

आहेराविषयीही कायद्याने असेच एक मजेदार पाऊल टाकले आहे. कार्यालयाच्या कोपऱ्यात टेबल टाकून, पाकिटे फोडून, ‘एकशे एक, अमुक तमुक’ अशी वही लिहिणारा नात्यातला विश्वासू माणूस हा आपल्या लग्नांतला जुना बारनिशी कारकून. पुढल्या खेपेस उलट आहेर किती करावयाचा, हे त्या वहीवरून ठरत असे. १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याखाली १९८५ साली जे नियम झाले, त्यांत वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी करावी, तिच्यात वस्तूचे वर्णन, अंदाजी किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहावे आणि वधूवरांनी सह्या कराव्यात, असे फर्मावले आहे. ‘आहेर आणू नये’ असे पत्रिकेवर छापणाऱ्यांनी वही बंद केली, हे बरेच झाले. परंतु ज्या घरी भेटी स्वीकारल्या जातात, तिथे ही यादी खरोखर झाली, तर पुढे स्त्रीधनावरून उठणाऱ्या तंट्यांत ती किती उपयोगी पडेल, याचा विचार मुलीच्या आईवडिलांनी करावा.

कचेरीतल्या संबोधनांचा घोळ मराठीत अधिक आहे. नव्या कंपन्यांत साहेबाला नावाने हाक मारण्याचा प्रघात इंग्रजीत सहज निभतो. त्याच साहेबाशी जेवणाच्या सुट्टीत मराठीत बोलण्याची वेळ आली, की ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या चौकीवर प्रत्येकाची झडती होते, आणि मग बिचारे लोक क्रियापदे चुकवीत, ‘जेवण झालं का?’ अशा कर्तृहीन वाक्यांनी वेळ मारून नेतात. वयाने किंवा हुद्द्याने वडील असणाऱ्याने पहिल्या दिवशी आपल्याला काय म्हणावे ते सांगून टाकावे. तेवढ्याने प्रश्न मिटतो. आणि त्याने स्वतः चपराशालाही ‘तुम्ही’ म्हणावे, हे वेगळे सांगावयास नको.

शोकाच्या प्रसंगी आमचे पूर्वज आमच्याहून निःसंशय अधिक जाणते होते. मृत्यूची वार्ता कळवणाऱ्या पत्रावर ‘श्री’ नसे, म्हणून ते उघडताच वाचणारा सावध होई, आणि वाचून झाले, की पत्र फाडून टाकीत. आज तीच वार्ता वाढदिवसाच्या केकखाली आणि विनोदी चित्रफितीच्या वर येऊन पडते. ज्या घरी माणूस गेले, तिथे शेजारचे पिठलेभात पाठवीत. काय करू, काय आणू, असे विचारीत बसत नसत, कारण विचारले, की उत्तर देण्याचे काम दुःखितांनाच पडते. समाचाराला गेलेल्याने थोडे बसावे, बोलले नाही तरी चालेल, आणि निघताना नेहमीसारखा निरोप न घेता उठावे, म्हणजे घरच्यांना दारापर्यंत पोचवायला यावे लागत नाही. समूहावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिणे वाईट आहे असे नाही. पण त्या तीनशे श्रद्धांजलींना हात जोडून एकेक उत्तर देत बसलेली विधवा किंवा मुलगा मी पाहिला आहे, आणि हे काम त्यांना कोणी लावले, असे विचारावेसे वाटले आहे. अशा वेळी घरातल्या एखाद्या पुतण्याने किंवा भाच्याने फोन आपल्याकडे घ्यावा. लिहिणाऱ्यांनी ‘उत्तर नको’ असे दोन शब्द शेवटी जोडावेत.

राहता राहिली दिवाळीची पोस्त. पूर्वी पोस्टमन, भंगी, गुरखा, दूधवाला, पेपरवाला असे पाचसहा जण पाडव्यापर्यंत दारी येत, आणि वर्षभराच्या ओळखीने पोस्त मागून नेत. त्यांतल्या काहींच्या जुन्या नावांत जो जातीचा उल्लेख होता, तो आता सफाई कामगार या नावाने पुसला गेला, हे योग्यच झाले. आता सोसायटीची समिती वर्गणी काढते आणि सुरक्षारक्षक, सफाई कामगार, लिफ्टमन यांना पाकिटे वाटते. या यादीत ज्याला नाव नाही, असा एक मनुष्य दिवसातून दहादा आपल्या दाराशी येतो. पाठीवर चौकोनी पेटी, डोक्याला हेल्मेट, आणि दर खेपेला चेहरा नवा. त्याला पोस्त कोणी द्यावी? उन्हातून आलेल्याला गूळपाणी देणारे आपण. आणि कित्येक इमारतींत ‘सामान पोचवणाऱ्यांनी ही लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी लावून, चौथ्या मजल्यावरच्या आमच्या रात्रीच्या जेवणासाठी त्याला जिना चढायला लावणारेही आपणच. पाटी काढण्यास पैसे पडत नाहीत. पाणी विचारण्यास दहा सेकंद लागतात.

पुण्याच्या एका सोसायटीत गेल्या दिवाळीत काही बायकांनी फाटकापाशी टेबल मांडून, त्यावर पाण्याचा माठ आणि चिवडा-लाडवांच्या पुड्या ठेवल्या होत्या, येणाऱ्या कोणाही पोऱ्याने घ्याव्यात म्हणून. पाडव्याला दुपारपर्यंत पुड्या संपल्या, पुन्हा भरल्या गेल्या. नंतरच्या सभेत मात्र हा खर्च दिवाळी पोस्तीच्या खात्यावर टाकावा, की किरकोळ खर्चाच्या, यावर चिटणीस आणि खजिनदार यांच्यात जुंपली, आणि माझ्या माहितीप्रमाणे तो ठराव अद्याप मंजूर व्हावयाचा आहे.